सहीचा कागद आणि शेडमागचं गटार

वाचकाचं पत्र

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका मध्यम आकाराच्या कारखान्यात एचआर आणि ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षितता) अशी दोन्ही कामं बघते. मशीनशॉप आहे, त्याला लागून सेव्हन टँक (रंगाआधी सुटे भाग धुऊन त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या सात टाक्यांची रांग) आणि पावडर कोटिंग. कायम कामगार थोडे, ठेक्यावरचे जास्त. बरेचसे बिहार-उत्तर प्रदेशातले, काही दाहोदकडचे. पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं, आयएसओ १४००१ चं, सर्टिफिकेट आहे. दरवर्षी ५ जूनला मी सगळ्यांना पर्यावरण जागृतीचं ट्रेनिंग देते. ओझोन, हिमनद्या, प्लॅस्टिक असं सगळं स्लाइडवर दाखवते, मग शपथ, झाड लावणं, नाश्ता आणि हजेरीपटावर सह्या. हे मी मनापासून करते. माझं शिक्षणच त्या विषयातलं आहे.

पंधरा दिवसांपूर्वी रात्रपाळीत एका हेल्परने सीएनसी मशीनचं खराब झालेलं कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण) शेडमागच्या पावसाच्या गटारात ओतलं. सकाळी शेजारच्या कारखान्यातून शेठना फोटो आले. शेठ मला म्हणाले, "ट्रेनिंगच्या कागदावर त्याची सही आहे ना? तो कागद काढून दे." त्या सहीवर त्याला काढून टाकायचं चाललंय. मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा आहे. त्याने मला एवढंच विचारलं, "मॅडम, फिर कहाँ डालता?" मला उत्तर देता आलं नाही.

तो कागद मी द्यावा का? आणि माणसं खरोखर बदलतील असं ट्रेनिंग द्यायचं तरी कसं? दोन महिन्यांनी ऑडिट आहे. कधी कधी वाटतं, हे सोडून एखाद्या शाळेत शिकवायला जावं.

– एक वाचक, वडोदरा

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नांच्या आधी येणारा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही. त्या गटाराचं पुढे काय झालं? फोटो निघाले, शेठ रागावले, मुलाची नोकरी टांगणीला लागली, पण कूलंट कुणी उचललं का? उचललं नसेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ते करून घ्या. जिथे साचलंय त्याच्या पुढे वाळूच्या गोण्या टाकून वाट अडवा, पातळ भाग हातपंपाने पिंपात भरा, उरलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करा. पाण्याचा पाइप लावून धुवायला कुणी निघालं तर थांबवा. त्याने घाण फक्त पुढच्या दारात जाते. आणि तो भिजलेला भुसासुद्धा घातक कचऱ्यातच धरायचा, कॉर्पोरेशनच्या गाडीत द्यायचा नाही.

एवढी घाई का, तर मैलापाण्याच्या गटाराच्या शेवटी निदान शुद्धीकरण केंद्र असतं. पावसाच्या गटाराच्या शेवटी तसं काही नसतं. ते पाणी कांसेत (इथल्या पावसाच्या उघड्या नाल्यात) जातं आणि कांस नदीत. पावागढच्या डोंगरातून येणारी आपली विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते, पुढे तिचं पाणी ढाढरच्या पाण्याबरोबर खंभातच्या आखातात जातं. मगरी याच नदीत, वस्तीच्या मध्ये राहतात. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की हवेतला प्राणवायू खाली उतरायला अडथळा होतो, आणि कूलंटमधली सेंद्रिय द्रव्यं कुजताना पाण्यात होता तोही प्राणवायू संपवतात.

कायद्याची बाजूही सांगतो, कारण ती तुमच्या शेठनाही माहीत असायला हवी. १९७४ च्या जल कायद्याचं कलम ३१ म्हणतं की अपघाताने किंवा अनपेक्षितपणे प्रदूषक द्रव्य नाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर गेलं आणि त्यामुळे नाल्याचं किंवा विहिरीचं पाणी बिघडण्याची शक्यता असेल, तर त्या जागेच्या प्रभारी माणसाने राज्य मंडळाला, म्हणजे आपल्याकडे जीपीसीबीला (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला), ताबडतोब कळवायचं. ही जबाबदारी हेल्परची नाही. तुमच्या फॅक्टरी मॅनेजरला हे लेखी कळवा आणि प्रत जपून ठेवा.

आता कागद. तो द्या. हजेरीपट कंपनीचा आहे, तो लपवणं किंवा 'सापडत नाही' म्हणणं तुम्हाला शोभणारं नाही आणि त्याने त्या मुलाचंही भलं होणार नाही. पण एकटा कागद देऊ नका. त्याला एक पान जोडा आणि त्यावर त्या दिवशी काय झालं ते सरळ लिहा. ट्रेनिंग किती वेळ चाललं, स्लाइड कोणत्या भाषेत होत्या, कोणते विषय होते, आणि कूलंट हा शब्द त्यात एकदाही आला का. तुमच्या पत्रातल्या विषयांच्या यादीवरून तरी आला नसावा. मग दुसऱ्या पानावर त्या रात्रीची हकीकत. खराब कूलंटचं पिंप कुठे ठेवलं होतं? भरलेलं होतं का? खोलीला कुलूप होतं तर किल्ली रात्रपाळीत कुणाकडे होती? आणि संप, म्हणजे मशीनखालची कूलंटची टाकी, रिकामा करायला त्याला कुणी सांगितलं? मशीनशॉपमध्ये हेल्पर आपल्या मनाने मशीनचा संप उपसत नाही, त्याला ऑपरेटर किंवा सुपरवायझर सांगतो. "फिर कहाँ डालता?" हा त्या मुलाचा प्रश्न तुम्ही उद्धटपणा मानला नाहीत हे बरं झालं. त्या प्रश्नाचं उत्तर कारखान्याकडे नव्हतं, म्हणून तुमच्याकडेही नव्हतं.

चौकशी होईल तेव्हा तुम्ही तिथे बसा. जबाब हिंदीत लिहिला जाऊ द्या आणि त्याला वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही घेऊ देऊ नका. ऑडिट जवळ आहे, तेव्हा कुणीतरी नक्की सुचवेल की कूलंट हाताळणीच्या ट्रेनिंगचा एक पट मागची तारीख घालून तयार करू. त्यावर तुमची सही होता कामा नये. या एका बाबतीत मी तुम्हाला दुसरा पर्याय देणार नाही.

ऑडिटची भीती दाखवून कुणाला काढायचं असेल तर मानक काय म्हणतं तेही समोर ठेवा. आयएसओ १४००१ ची २०१५ ची आवृत्ती काढा आणि कलम ७.३ वाचा. कंपनीच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या माणसांना चार गोष्टी ठाऊक असाव्यात असं ते सांगतं: कंपनीचं पर्यावरण धोरण, आपल्या स्वतःच्या कामातून पर्यावरणावर होणारे किंवा होऊ शकणारे महत्त्वाचे परिणाम, या सगळ्या व्यवस्थेत आपला वाटा, आणि नियम न पाळल्यास काय होतं. 'कंपनीच्या नियंत्रणाखाली' यात ठेक्यावरची माणसं आलीच. आणि दुसरी गोष्ट नीट पाहा, तिथे 'आपल्या स्वतःच्या कामातून' असं आहे. हिमनदी वितळते हे खरं आहे आणि काळजीचं आहे, पण सेव्हन टँकवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली गोष्ट ती टाकी आहे. कलम १०.२ सांगतं की चूक घडली तर तिचं कारण शोधा आणि ते पुन्हा घडू नये अशी दुरुस्ती करा. 'हेल्परला काढलं' ही दुरुस्ती चांगला ऑडिटर स्वीकारणार नाही. उद्या त्याच्या जागी येणारा मुलगा कुठे ओतेल, हेच तो विचारेल.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तर हे आणखी स्पष्ट आहे. कारखानदाराने जागेवर काम करणाऱ्यांना ट्रेनिंग, साधनं आणि सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती द्यावी, असं तिथे एका दमात म्हटलंय. साधनाशिवाय ट्रेनिंग असं कायद्यानेही धरलेलं नाही. तुमच्या साऱ्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. पिंप हाताशी नसताना 'गटारात ओतू नका' हे शिकवणं म्हणजे त्या मुलाकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करणं आहे. आधी जागा नीट करा, मग शिकवा. आणि शिकवायचं ते त्या जागेवर उभं राहून.

हे कसं करायचं ते कूलंटवरूनच सांगतो, कारण या विषयात तुमच्या ऑपरेटरना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना एवढंच विचारा की सोमवारी सकाळी मशीन चालू केल्यावर वास का येतो. रविवारी मशीन बंद असतं, मशीनच्या सरकत्या भागांचं (स्लाइडवेचं) तेल कूलंटवर तरंगून साय धरतं, खालचा हवेचा पुरवठा तुटतो आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. तो सडक्या अंड्यासारखा वास त्यांचा. वासाबरोबर हाताला खाज येते, पुरळ उठतं, टूल लवकर झिजतं, आणि शेवटी सुपरवायझर म्हणतो, संप काढून टाका. म्हणजे गटारात गेलेल्या कूलंटची गोष्ट त्या रात्री सुरू झालेली नाही. वरचं तेल कुणी काढलं नाही तिथे ती सुरू झाली. शनिवारी पाळी सुटताना स्किमरने (वरचं तेल काढून घेणाऱ्या साधनाने) किंवा साध्या पट्टीने ते तेल काढलं, संपातला धातूचा कीस उपसला, रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाने कूलंट आणि पाण्याचं प्रमाण बघून नुसत्या पाण्याऐवजी नीट मिसळलेलं कूलंट वरून भरलं, तर तेच कूलंट कितीतरी जास्त टिकतं. टाकून द्यायचं कमी, विकत घ्यायचं कमी, हात बरे राहतात. ऑपरेटरला यातली प्रत्येक गोष्ट अंगाने माहीत असते. त्याला फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या दाखवायच्या असतात, आणि ते काम दहा मिनिटांचं आहे, मशीनजवळ, पाळी सुरू होताना.

सेव्हन टँकवरही असंच. जॉब (सुटे भाग) टांगलेली रॅक फॉस्फेटिंगच्या (फॉस्फेटचा थर चढवण्याच्या) टाकीतून काढली की लगेच धुण्याच्या टाकीत जाते, आणि जॉबला चिकटलेलं रसायन धुण्याच्या पाण्यात उतरतं. ते पाणी ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात), तिथे चुना जास्त, स्लज (गाळ) जास्त, आणि तो फॉस्फेटचा स्लज घातक कचऱ्याच्या यादीतला. रॅक टाकीवरच थोडी निथळू दिली तर रसायन परत टाकीत पडतं. पण पाळीत इतक्या रॅक काढायच्या असा आकडा डोक्यावर असलेला माणूस रॅक हातात धरून थांबणार नाही. टाकीच्या वर अडकवायला एक दांडी बसवा. एक रॅक निथळत असताना तो दुसरी भरेल. ही दांडी बसवण्याआधी 'निथळू द्या' असं भाषण नको.

कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनची गळती तुम्हाला ठाऊकच असेल. ७ बार दाबाला साधारण ३ मिलिमीटरच्या एका भोकातून सुमारे ३ किलोवॅट वाया जातात, म्हणजे रात्रंदिवस लाइन चालू असेल तर दिवसाला ७० युनिटच्या आसपास. जेवणाच्या सुट्टीत मशीन शांत असताना फुसफुस कुठून येते ते ऐकत फिरा, दोघा-तिघांना बरोबर घ्या. हे सगळ्यांना आवडतं.

तुमच्याकडे एक तयार साधन आहे, त्याचाही उपयोग करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर घातक रसायनं आणि कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांच्या गेटबाहेर मोठा बोर्ड असतो. त्यावर कोणती रसायनं वापरतो, किती सांडपाणी, किती घातक कचरा, हे लिहिलेलं असतं. तुमची माणसं रोज त्याच्या खालून आत येतात. एकदा सगळ्यांना तिथे उभं करा आणि एकेक ओळ हिंदीत, गुजरातीत वाचा: हे वापरलेलं तेल कोणत्या मशीनचं, हा स्लज कुठला, या रिकाम्या पिंपांचं काय होतं. रसायनाने माखलेलं पिंप आणि तेलकट चिंध्यासुद्धा घातक कचऱ्यात येतात, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटेल. ते पिंप धुऊन घरी पाणी भरायला नेणारी माणसं सगळ्या जीआयडीसीत आहेत. तुमच्याकडे कुणी नेत असेल तर तो त्या दिवशी थांबेल, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तो अर्धा तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

आता अशी दोन माणसं, जी तुमच्या हजेरीपटावर बहुधा नसतील. पहिला रात्रपाळीचा सुपरवायझर. हेल्पर जे करतो ते सुपरवायझरने पाहून न पाहिल्यासारखं केलेलं असतं. त्याच्याशी वेगळं, बंद दाराआड बोला. त्याला दोष देण्यासाठी नव्हे. त्याला कोणती किल्ली, कोणता फोन नंबर, कोणता निर्णय घेण्याचा अधिकार हवा, हे विचारण्यासाठी. दुसरा, अकाउंट्स किंवा खरेदी विभागात बसणारा. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही असा नियम आहे. पण गाडीचं भाडं वाचावं म्हणून 'अजून थोडा साठू दे' असं कुणीतरी म्हणतं, पिंपं भरून राहतात, नवं पिंप मागितलं तर 'पुढच्या महिन्यात'. भरलेल्या पिंपापासून गटारापर्यंतचं अंतर फार थोडं असतं. त्या माणसाला एकदा कचऱ्याच्या खोलीत घेऊन जा आणि तिथेच मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणारा नोंदीचा कागद) समजावून सांगा.

ट्रेनिंग झालं का, हे सहीवरून कळत नाही. आठवड्यातून एकदा रात्रपाळीला या. एकटं येणं सोयीचं नसेल तर सिक्युरिटीला आणि सुपरवायझरला बरोबर घ्या, पण या. चालता चालता कुणालाही विचारा, हे सांडलं तर काय करशील, पिंप कुठे आहे, दाखव. तो चालत जाऊन पिंपावर हात ठेवत असेल तर ट्रेनिंग झालं. त्याला शोधावं लागलं तर चूक व्यवस्थेची आहे, तिथेच वहीत नोंद करा. ऑडिटरला त्या वहीचं मोल शंभर सह्यांपेक्षा जास्त वाटेल, आणि तसं वाटलं नाही तरी ती तुम्हाला उपयोगी पडेल.

पावसाचंही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात कशी घुसली हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या भागात पाणी भरो न भरो, तेलाची पिंपं जमिनीवर, कठड्याशिवाय, उघड्यावर असतील तर एका जोरदार सरीत सगळं वाहून जाईल. म्हणून पावसाळ्याआधीचं ट्रेनिंग म्हणजे पिंपं उंच जागी छपराखाली हलवणं, भोवती कठडा घालणं, वाळूच्या गोण्या आणि भुशाचं पोतं कुठे आहे हे तिन्ही पाळ्यांना दाखवणं. ५ जूनच्या आसपास हे बरोबर जमतं. झाडं जरूर लावा, नाश्ताही द्या. तो आनंदाचा दिवस आहे, तसाच ठेवा. फक्त त्याला ट्रेनिंग म्हणून नोंदवू नका. 'पर्यावरण' हा शब्द तुमच्या पोरांनी शाळेपासून ऐकलाय. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला होता. त्यांना शब्द नवा नाही, त्यांना जागा दाखवायची आहे.

शेठशी बोलताना नीतीपासून सुरुवात करू नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. फोटो पाहिल्यापासून ते घाबरलेले आहेत आणि घाबरलेल्या माणसाला आधी वाट दाखवावी लागते. त्यांच्यासमोर तीन आकडे ठेवा, तुमच्याच कारखान्याचे: वर्षाला कूलंटवर होणारा खर्च, स्लज उचलायला लागणारे पैसे, कॉम्प्रेसरचं बिल. मग पिंपं, स्किमर, दांडी आणि कठडा यांचा खर्च. हे कागद शेजारी ठेवल्यावर मुलाबद्दल बोला. तो राहिला तर पिंप कुठे असावं हे त्यालाच ठरवू द्या. रात्री दोनला जड बादली घेऊन किती पावलं चालता येतं हे त्याला ठाऊक आहे. आणि शेठनी ऐकलं नाही, त्याला काढलंच, तर तुमची दोन पानं फाइलमध्ये राहतील आणि त्याचा हिशेब, हजेरी, पीएफ पूर्ण मिळेल हे तुम्ही एचआर म्हणून बघाल. तेवढं तुमच्या हातात आहे आणि ते करा.

शाळेत जायचं का, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर निदान हे वर्ष जाऊ नका. त्या मुलाचा प्रश्न ऐकून झोप उडालेला माणूस त्या शेडला आज हवा आहे.

शेवटचं, कामाचं. तुमची बरीच माणसं दिवाळी-छठला गावी जातात, आणि परत येताना बऱ्याचदा दुसरीच येतात. जूनमध्ये शिकवलेला डिसेंबरात नसतो. म्हणून ठेकेदाराशी पुढचा करार होईल तेव्हा त्यात एक कलम घालून घ्या: नव्या माणसाला गेटपास मिळण्याआधी त्याने अर्धा तास शॉपमध्ये फिरायचं, सुपरवायझरबरोबर, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी त्याला मिळायची. ठेकेदार कुरकुर करेल. मजुरीचा मुद्दा सोडू नका.